ग्लायकोलिपिडे आणि नैसर्गिक मारक टी पेशी : एका संशोधनपरंपरेचे चिकित्सक परीक्षण

सारांश

सागरी स्पंजाच्या अर्कातून निघालेल्या संयुगावरून तयार केलेले अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइड हे ग्लायकोलिपिड नैसर्गिक मारक टी पेशींना उद्दीपित करते, हे १९९७ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून या विषयावर विपुल संशोधन झाले आहे. प्रस्तुत लेखात या संशोधनातील निर्विवादपणे सिद्ध झालेला भाग, वादग्रस्त ठरलेला भाग आणि मानवी उपचारांविषयीच्या अपेक्षा यांचे स्वतंत्र परीक्षण केले आहे. एका अतिप्रभावी प्रयोगशालेय संयुगाला या पेशींची ओळख मानल्यामुळे काही निष्कर्ष पुराव्यापेक्षा पुढे गेले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : ग्लायकोलिपिड, एनकेटी पेशी, सीडी१डी, अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइड, स्वप्रतिजन.

१. प्रस्तावना

रोगप्रतिकारशास्त्रात दीर्घकाळ एक समीकरण रूढ होते : टी पेशी प्रथिनांचे तुकडे ओळखते, आणि तेही दुसऱ्या पेशीने आपल्या पृष्ठभागावरील विशिष्ट रेणूत धरून दाखवले तरच ओळखते. झिंकरनेगल आणि डोहर्टी यांनी १९७४ साली केलेल्या कामाने या समीकरणाचा पाया घातला. त्यासाठी त्यांना १९९६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या चौकटीत मेदद्रव्यांना स्थान नव्हते. मेद म्हणजे पेशीपटलाचे बांधकामसाहित्य किंवा ऊर्जेचा साठा, अशीच त्यांची गणना होत असे.

या समजुतीला पहिला ठोस धक्का १९९४ साली बसला. क्षयाच्या जंतूच्या भित्तिकेतील मायकोलिक आम्ल हे सीडी१बी या रेणूमार्फत मानवी टी पेशींपुढे सादर होते, असे त्या वर्षी दाखवण्यात आले. पुढच्याच वर्षी उंदरातील एका वेगळ्या टी पेशीसमूहाचा संबंध त्याच कुटुंबातील सीडी१डी या रेणूशी जोडला गेला. हाच समूह आज ‘नैसर्गिक मारक टी पेशी’ किंवा संक्षेपाने ‘एनकेटी पेशी’ म्हणून ओळखला जातो. या पेशी कशाने जाग्या होतात हा रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि वैद्यक या तिन्ही शाखांचा प्रश्न आहे. म्हणूनच त्याच्या उत्तरांची तपासणी एका शाखेच्या चौकटीत राहून पुरी होत नाही.

नावाबद्दल आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. उंदरातील नैसर्गिक मारक पेशींवर आढळणारी एनके१.१ ही खूण या टी पेशींवरही आढळली, त्यावरून हे नाव पडले. परंतु ही खूण उंदराच्या सर्वच वाणांत नसते, आणि ती असणारी प्रत्येक टी पेशी या समूहातील नसते. मराठी प्रतिशब्दातील ‘मारक’ हे विशेषण तर वाचकाची अधिकच दिशाभूल करते. या पेशींचे मुख्य काम स्वतः मारण्यापेक्षा काही तासांच्या आत विपुल सायटोकाइन द्रव्ये स्रवून इतर पेशींना कामाला लावणे हे आहे. नाव आणि वस्तू यांतील ही फारकत पुढील विवेचनात पुन्हा भेटणार आहे.

२. स्पंजापासून पेशीपर्यंत

या विषयाचा उगम रोगप्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत झालेला नाही. जपानमधील किरिन या मद्यनिर्मिती कंपनीच्या संशोधकांनी कर्करोगविरोधी द्रव्यांच्या शोधात ओकिनावाच्या समुद्रातील ‘अगेलास मॉरिशियानस’ या स्पंजाचा अर्क तपासला. त्यातून त्यांनी १९९३ च्या सुमारास ‘अगेलास्फिन’ नावाची ग्लायकोलिपिडे वेगळी केली. उंदरातील बी१६ या त्वचाकर्करोगावर त्यांचा परिणाम दिसला. या संयुगांच्या रचनेत सुटसुटीत बदल करून १९९५ साली ‘केआरएन७०००’ हे कृत्रिम संयुग सिद्ध झाले. अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइड हे त्याचे रासायनिक नाव. ते अर्बुदपेशींना थेट मारत नाही, प्राण्याच्या प्रतिकारसंस्थेमार्फत काम करते, एवढे तेव्हा लक्षात आले होते.

चिबा विद्यापीठातील मासारू तानिगुची यांच्या गटाने १९९७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात याचे उत्तर दिले. हे ग्लायकोलिपिड सीडी१डी या रेणूत बसते आणि तेथून एनकेटी पेशीच्या ग्राहीला उद्दीपित करते, असे त्यांनी दाखवले. सीडी१डी किंवा एनकेटी पेशी यांपैकी काहीही नसलेल्या प्राण्यात ते निष्प्रभ ठरते. या प्रयोगांचे तर्कशास्त्र निर्दोष होते, आणि आजवर त्याला बाध आलेला नाही.

येथे मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. माणूस किंवा उंीर या प्राण्यांच्या शरीरात स्पंजातील द्रव्य येण्याचे काही कारण नाही. स्पंजात राहणाऱ्या जिवाणूंनीच ते तयार केले असावे, असा तर्क केला जातो. म्हणजे या पेशींचे कुलूप ज्या किल्लीने प्रथम उघडले, ती किल्ली त्या कुलपासाठी घडवलेली नव्हती. कुलूप उघडते हे सिद्ध झाले. ते कोणासाठी बसवले आहे, हा प्रश्न तसाच राहिला.

३. उद्दीपनाची यंत्रणा : सिद्ध झालेला भाग

या संशोधनाचे सर्वांत भक्कम अंग म्हणजे रेणूंच्या रचनेचे ज्ञान. १९९७ साली उंदरातील सीडी१डीची स्फटिकरचना उलगडली. नेहमीच्या प्रथिनवाहक रेणूंपेक्षा याची खाच खोल, अरुंद आणि जलविरोधी आहे. तिचे दोन कप्पे पडतात. मानवी सीडी१डी आणि अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइड यांच्या संयुक्त रचनेचे चित्र २००५ साली मिळाले. ग्लायकोलिपिडाची २६ कार्बनांची मेदाम्लशृंखला एका कप्प्यात आणि १८ कार्बनांची स्फिंगॉइड शृंखला दुसऱ्या कप्प्यात शिरते. शर्करेचे डोके तेवढे बाहेर राहते.

२००७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने यापुढचे पाऊल टाकले. सीडी१डी, ग्लायकोलिपिड आणि मानवी टी पेशीचा ग्राही या तिघांची एकत्रित रचना त्यात दिली होती. प्रथिनखंड ओळखणारे ग्राही वाहक रेणूवर साधारणतः कर्णरेषेत आडवे बसतात. एनकेटी पेशीचा ग्राही मात्र एका टोकाला, दुसऱ्या कप्प्याच्या माथ्यावर, खाचेला समांतर बसतो. संपर्काचा मोठा भार ग्राहीची अल्फा शृंखला उचलते. ही शृंखला सर्व एनकेटी पेशींत जवळजवळ एकच असते : उंदरात व्हीअल्फा१४-जेअल्फा१८, माणसात व्हीअल्फा२४-जेअल्फा१८. उत्क्रांतीच्या एवढ्या अंतरानंतरही ही जोडी टिकून राहिली आणि मानवी पेशी उंदराच्या सीडी१डीलाही प्रतिसाद देतात, यावरून या ओळखीचे जैविक मूल्य ध्यानात येते.

पेशींच्या पातळीवरील क्रमही सुस्पष्ट आहे. प्रतिजनसादर पेशी ग्लायकोलिपिड आत घेते. लायसोसोममधील सॅपोसिन प्रथिने ते पटलातून सोडवून सीडी१डीमध्ये भरतात, आणि भरलेला रेणू पृष्ठभागावर परत येतो. ग्राही जुळताच एनकेटी पेशी इंटरल्यूकिन-४ आणि इंटरफेरॉन-गॅमा ही दोन्ही द्रव्ये स्रवते. ही दोन द्रव्ये सामान्यतः परस्परविरोधी दिशांनी काम करणारी मानली जातात. त्याच वेळी तिच्यावरील सीडी४० लिगंड वृक्षिकी पेशीला इंटरल्यूकिन-१२ स्रवण्यास प्रवृत्त करते. त्यामुळे नैसर्गिक मारक पेशी जागृत होतात आणि इंटरफेरॉनचा दुसरा, अधिक मोठा लोंढा येतो. अर्बुदविरोधी परिणामाचे श्रेय बव्हंशी या दुसऱ्या लाटेकडे जाते.

४. व्याख्येतील वर्तुळ

२००० साली सीडी१डीचे चार रेणू एकत्र बांधून त्यांत अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइड भरलेले ‘टेट्रामर’ म्हणजे चतुष्टय तयार झाले. त्यामुळे एनके१.१ सारख्या फसव्या खुणेवर विसंबण्याची गरज संपली. ही प्रगती निःसंशय मोठी होती. परंतु तिच्याबरोबर व्याख्याही बदलली. जी पेशी स्पंजाच्या द्रव्याला चिकटते ती खरी एनकेटी पेशी, असे मानले जाऊ लागले. मग ‘सर्व एनकेटी पेशी अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइडला प्रतिसाद देतात’ हे विधान निरीक्षण राहत नाही. ते व्याख्येतूनच निघते. सीडी१डीशी बांधलेल्या पण या द्रव्याला न ओळखणाऱ्या टी पेशी ‘दुसरा प्रकार’ या सदरात गेल्या. त्यांचा अभ्यास कितीतरी मागे राहिला. त्यांचे महत्त्व कमी आहे असे सिद्ध झाल्यामुळे हे घडले नाही. त्यांना पकडण्याचे सोयीचे साधन हाती नव्हते.

साधनावरील हा विसंबणे किती महाग पडू शकते, हे दम्याच्या उदाहरणावरून दिसते. २००६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मध्यम ते तीव्र दम्याच्या रुग्णांच्या फुप्फुसांतील सीडी४ टी पेशींपैकी सुमारे ६० टक्के एनकेटी पेशी असल्याचे नोंदवले होते. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या अभ्यासात श्वसनमार्गातील टी पेशींमध्ये त्यांचे प्रमाण २ टक्क्यांहूनही कमी आढळले, आणि तेही दमा असलेल्या व नसलेल्या अशा सर्वांत. एवढी तफावत रोगाच्या स्वरूपाने समजावता येत नाही. पेशी ओळखण्याच्या आणि मोजण्याच्या पद्धतीकडेच ती बोट दाखवते.

प्राणिप्रयोगांतही असाच धडा मिळाला. १९९७ सालापासून एनकेटी पेशी नसलेला उंदीर म्हणून जेअल्फा१८ जनुकखंड काढलेला वाण जगभर वापरला गेला. अर्बुदे, जंतुसंसर्ग, दमा अशा अनेक विषयांवरील निष्कर्ष त्याच्या आधारे निघाले. २०१२ साली असे उघड झाले की, त्या जनुकबदलामुळे शेजारच्या जेअल्फा खंडांची जुळणीही बिघडली होती आणि सामान्य टी पेशींच्या वैविध्याचा मोठा भाग नाहीसा झाला होता. म्हणजे ज्याला एका पेशीसमूहाचा अभाव समजले गेले, तो प्रत्यक्षात व्यापक अभाव होता. २०१५ पासून अधिक काटेकोर वाण उपलब्ध झाले. तथापि आधीच्या १५ वर्षांतील कोणते निष्कर्ष टिकतात, हे प्रत्येक बाबतीत पुन्हा पाहावे लागते. सीडी१डी नसलेल्या उंदरातही तोच परिणाम मिळाला असेल, तर निष्कर्षाला आधार राहतो. केवळ जुन्या वाणावर उभा असलेला निष्कर्ष तूर्त प्रलंबित समजणेच योग्य.

५. शरीरातील खरे प्रतिजन कोणते?

एनकेटी पेशी थायमस ग्रंथीत निवडल्या जातात. जंतुविरहित वातावरणात वाढलेल्या उंदरांतही त्या असतात. त्या अर्थी त्यांना निवडणारे एखादे स्वतःचेच मेदद्रव्य शरीरात असले पाहिजे. या द्रव्याचा शोध हा या संशोधनपरंपरेतील सर्वांत उद्बोधक आणि सर्वांत अडखळता अध्याय आहे.

२००४ साली ‘सायन्स’मध्ये आयजीबी३ या ग्लायकोलिपिडाचे नाव पुढे आले. लायसोसोममधील हेक्सोसॅमिनिडेज-बी या विकराचा अभाव असलेल्या उंदरांत एनकेटी पेशी अत्यल्प होत्या, आणि आयजीबी३ने या पेशी उद्दीपित होत होत्या. पुरावा आकर्षक होता. पण त्यात दोन पायऱ्यांमध्ये एक फट होती. विकर नसले की लायसोसोममध्ये अनेक मेदद्रव्ये साठतात. पेशी घटण्याचे कारण एका विशिष्ट द्रव्याचा अभाव हेच आहे, हे त्यावरून ठरत नाही. २००६ साली मेदसंचयाच्या निरनिराळ्या विकारांचे उंदीर तपासले गेले, तेव्हा साठणारे द्रव्य कोणतेही असो, एनकेटी पेशी घटलेल्याच आढळल्या. २००७ साली आयजीबी३ तयार करणारे विकरच नसलेल्या उंदरांत एनकेटी पेशी सामान्य प्रमाणात मिळाल्या. त्याच वर्षी मानवी थायमसमध्ये हे द्रव्य सापडत नसल्याचे, आणि २००८ साली माणसात ते विकर कार्यक्षमच नसल्याचे दाखवण्यात आले. आयजीबी३ एनकेटी पेशींना उद्दीपित ‘करू शकते’ हे खरे ठरले. शरीरात तेच त्यांना उद्दीपित ‘करते’ हे खरे ठरले नाही. ‘शक्य’ आणि ‘प्रत्यक्ष’ यांतील हे अंतर जीवशास्त्रात वारंवार पुसले जाते.

दुसरे प्रकरण याहून सूक्ष्म आहे. २०११ साली बीटा-ग्लुकोसिलसेरामाइड हे सस्तन प्राण्यांत विपुल असलेले द्रव्य स्वप्रतिजन म्हणून पुढे आले. सस्तन प्राण्यांतील ग्लायकोसिलसेरामाइडांत शर्करेचा बंध बीटा प्रकारचा असतो, ही पाठ्यपुस्तकी समजूत त्याला अनुकूलच होती. परंतु प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात घडवलेल्या बीटा-ग्लुकोसिलसेरामाइडाची क्रियाशीलता नैसर्गिक नमुन्याशी जुळेना. २०१४ साली दोन स्वतंत्र गटांच्या कामातून चित्र बदलले. एका गटाने ती क्रियाशीलता नमुन्यातील अत्यल्प अशा वेगळ्या घटकाची असल्याचे दाखवले. दुसऱ्या गटाने अल्फा बंध असलेली ग्लायकोसिलसेरामाइडे सस्तन प्राण्यांच्या पेशींतच अल्प प्रमाणात असल्याचा पुरावा दिला.

यातील तर्क सोपा पण निर्णायक आहे. अल्फा रूप बीटा रूपाच्या हजारपट प्रभावी आहे असे धरले, तर नमुन्यात हजारात एक भाग अल्फा असला तरी तो एकटा उरलेल्या सगळ्या द्रव्याइतका परिणाम घडवील. ९९.९ टक्के शुद्धतेचा दाखला रसायनशास्त्रज्ञाला समाधान देईल. येथे तो पुरेसा नाही. ज्या प्रतिजनाची क्रियाशीलता नॅनोग्रॅमच्या मापात मोजली जाते, तेथे अशुद्धी हीच मुख्य साक्षीदार ठरू शकते. तरीही दुसऱ्या गटाच्या निष्कर्षापुढे एक प्रश्न उभा राहतोच. सस्तन प्राण्यांत सेरामाइडला शर्करा जोडणारी ज्ञात विकरे बीटा बंधच जोडतात. मग हा अल्फा बंध जोडतो कोण? त्याचे जैवसंश्लेषण विकरासह दाखवले जाईपर्यंत ही साखळी पूर्ण झाली असे म्हणता येणार नाही.

याउलट जिवाणूंकडील पुरावा अधिक समाधानकारक आहे. २००५ साली स्फिंगोमोनस जिवाणूंतील ग्लायकोस्फिंगोलिपिडे, २००६ साली लाइम रोगाच्या बोरेलियातील गॅलॅक्टोसिल-डायअसिलग्लिसरॉल आणि २०११ साली न्यूमोनियाच्या जंतूतील तत्सम द्रव्ये एनकेटी पेशी ओळखतात, असे दिसून आले. या सर्वांत अल्फा बंध आहे, हा योगायोग नव्हे. अर्थात संसर्गात या पेशी जागृत होण्यासाठी जंतूचे ग्लायकोलिपिड अनिवार्य नाही. वृक्षिकी पेशीने स्रवलेले इंटरल्यूकिन-१२ आणि एखादे दुर्बल स्वप्रतिजन एवढ्यानेही ते घडते, असे २००३ सालीच नोंदवले गेले आहे.

६. उंदराकडून माणसाकडे

ग्लायकोलिपिडाच्या शृंखला कमी-अधिक करून प्रतिसादाची दिशा बदलता येईल, ही कल्पना २००१ साली मूर्त झाली. ओसीएच या संयुगाची स्फिंगॉइड शृंखला तोकडी आहे. त्याने उंदरात इंटरल्यूकिन-४ चे पारडे जड केले आणि बहुविध मेददृढनाशी साम्य असलेल्या प्रायोगिक मज्जारोगापासून प्राण्यांचे रक्षण केले. २००३ साली ऑक्सिजनऐवजी कार्बनचा बंध असलेल्या संयुगाने उलट दिशेचा, इंटरफेरॉनप्रधान प्रतिसाद दिला. मात्र कारणमीमांसा पाहता ओसीएच नवा संदेश देते असे नाही. सीडी१डीवरील त्याची पकड अल्पकाळ टिकते, आणि अल्पकाळच्या उद्दीपनात इंटरल्यूकिन-४ निघते पण इंटरफेरॉनला पुरेसा अवधी मिळत नाही. हा फरक ध्यानी घेतला, तर औषधाची मात्रा, मार्ग आणि सादर करणारी पेशी बदलताच दिशाही बदलू शकेल, हे ओघाने येते.

मानवी उपचारांबाबत संख्येची अडचण मूलभूत आहे. उंदराच्या यकृतातील लिम्फोसाइटांमध्ये एनकेटी पेशींचा वाटा २० ते ३० टक्क्यांपर्यंत असतो. माणसाच्या रक्तातील टी पेशींत तो साधारणतः ०.०१ ते १ टक्का एवढाच असतो, आणि व्यक्तिव्यक्तींत फार मोठा फरक आढळतो. उंदराच्या यकृतातील सैन्याच्या बळावर मिळालेला विजय माणसाच्या तुटपुंज्या तुकडीकडून अपेक्षिणे धाडसाचेच होते.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत घन अर्बुदे असलेल्या २४ रुग्णांना केआरएन७००० शिरेतून देण्यात आले. औषध सोसवले, परंतु एकाचेही अर्बुद आकसले नाही. सात जणांचा आजार काही काळ स्थिर राहिला. औषध दिल्यावर २४ तासांच्या आत एनकेटी पेशी रक्तात दिसेनाशा झाल्या. प्रतिसाद ज्यांच्याकडे या पेशी आधीच बऱ्यापैकी होत्या त्यांच्यापुरताच मर्यादित होता. २००५ साली उंदरांतील अभ्यासाने आणखी एक अडचण दाखवली : एकदा उद्दीपित झालेल्या एनकेटी पेशी दीर्घकाळ निष्क्रिय राहतात, त्यामुळे औषधाची पुनरावृत्ती व्यर्थ ठरू शकते.

चिबा येथील गटाने यावर उपाय म्हणून रुग्णाच्याच पेशी शरीराबाहेर या ग्लायकोलिपिडाने भारून परत देण्याचा मार्ग धरला. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १७ रुग्णांवरील त्यांचे निष्कर्ष २००९ साली आले. ज्या १० रुग्णांत इंटरफेरॉन स्रवणाऱ्या पेशी वाढल्या, त्यांचे मध्यक आयुर्मान ३१.९ महिने होते; इतरांचे ९.७ महिने. आकडे आशादायक आहेत, पण तुलना कोणाची कोणाशी आहे हे पाहिले पाहिजे. उपचार मिळालेल्यांचे उपचार न मिळालेल्यांशी तोलन येथे नाही. प्रतिसाद दिलेल्यांचे न दिलेल्यांशी आहे. ज्याची प्रकृती मुळातच बरी आहे, तो रुग्ण प्रतिसादही अधिक देईल आणि जगेलही अधिक. उपचाराचा परिणाम आणि रुग्णाची मूळ अवस्था यांची फारकत यादृच्छिक नियंत्रित चाचणीशिवाय होत नाही. आयुष्याचे मोजके महिने हाती असलेल्या रुग्णापुढे हा आकडा कोणत्या शब्दांत ठेवला जातो, याला म्हणूनच नैतिक महत्त्व आहे.

अलीकडील प्रयत्नांची दिशा बोलकी आहे. २०२० साली न्यूरोब्लास्टोमाग्रस्त मुलांवरील चाचणीचे प्राथमिक निष्कर्ष आले. त्यात एनकेटी पेशींवर अर्बुद ओळखणारा कृत्रिम ग्राही बसवण्यात आला होता. तीनपैकी एका मुलात अर्बुदांची घट दिसली. ग्लायकोलिपिडाचा वापर येथे पेशी शरीराबाहेर वाढवण्यासाठी होतो. रुग्णाच्या शरीरात त्याच्यावर भिस्त ठेवली जात नाही. मूळ कल्पनेच्या मर्यादेची ही अबोल कबुलीच म्हणता येईल.

७. समारोप

या परीक्षणातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, ग्लायकोलिपिड सीडी१डीमध्ये बसून एनकेटी पेशीला उद्दीपित करते ही यंत्रणा रचनाशास्त्र, जनुकशास्त्र आणि पेशीशास्त्र या तिन्ही बाजूंनी सिद्ध आहे. टी पेशी केवळ प्रथिने ओळखते हे जुने समीकरण त्यामुळे कायमचे बाद झाले. दुसरा असा की, शरीरातील स्वाभाविक प्रतिजनाचा प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. आणि तो लांबण्यास नमुन्यांची शुद्धता व प्राणिवाणांची निर्दोषता यांकडे झालेले दुर्लक्ष बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. तिसरा असा की, उंदरातील यशाचे माणसात रूपांतर न होण्याची कारणे आरंभापासून आकड्यांत दिसत होती.

तरीही या परंपरेच्या जमेच्या बाजूला एक मोठी गोष्ट नोंदवली पाहिजे. आयजीबी३ची प्रतिष्ठा तीन-चार वर्षांत ढळली ती बाहेरच्या टीकाकारांमुळे नव्हे. त्याच क्षेत्रातील संशोधकांनी केलेल्या प्रतिकूल प्रयोगांमुळे. बीटा-ग्लुकोसिलसेरामाइडाचा दावा करणाऱ्या गटानेच पुढे आपल्या निष्कर्षाची मर्यादा दाखवली. पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत हा विषय शिकवताना केवळ अंतिम आकृती फळ्यावर काढून भागणार नाही. ती आकृती कोणत्या चुकांच्या दुरुस्तीतून सिद्ध झाली हेही विद्यार्थ्यांपुढे आले पाहिजे. ‘हे द्रव्य पेशीला जागे करू शकते’ आणि ‘हेच द्रव्य पेशीला जागे करते’ या दोन वाक्यांतील फरक ज्याला कळला, त्याला प्रायोगिक विज्ञानाची अर्धी वाट कळली असे समजण्यास हरकत नाही.